मध्यभागी थाप, कोपऱ्यात पुरावा

बाई, तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. लंडनच्या जुन्या बाजारात तुम्ही इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थचं ‘द लाफिंग ऑडियन्स’ हे छापील चित्र घेतलंत, ते खरं की नक्कल? अठराव्या शतकातली इंग्रजी रंगभूमी शिकवताना अशी उपहासचित्रं वर्गात पुरावा म्हणून दाखवावीत का? आणि त्या काळच्या चित्रकारांना नटनट्यांचं एवढं वेड का होतं? मी नाट्य-इतिहासकार नव्हे. तांब्याच्या पत्र्यावर एचिंग करणं (म्हणजे ॲसिडने रेघा कोरणं), ते छापणं आणि लोकांच्या घरातले जुने छाप दुरुस्त करणं यात माझी तीस-पस्तीस वर्षं गेली. त्यामुळे उत्तर रंगमंचाच्या बाजूने न देता पत्र्याच्या बाजूने देतो.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण खरा तोच आहे. चित्रं जरूर दाखवा. पण चित्राच्या मध्यभागी जे चाललंय त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मध्यभाग गिऱ्हाइकासाठी असतो. तिथे कोणाची तरी टर उडवलेली असते, आणि टर उडवायची म्हणजे फुगवून सांगणं आलंच. चित्रकार खोटं बोलायला विसरतो ते कोपऱ्यांत. तिथे त्याला फक्त जागा भरायची असते, म्हणून तो रोज बघतो तेच काढतो: बाकं, कठडे, मेणबत्त्या, संत्री विकणाऱ्या पोरी. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे एकाच वाक्यात सांगतो, मध्यभागी थाप, कोपऱ्यात पुरावा. या नियमालाही अपवाद आहे, तो पुढे येईल.

आता तुमचंच चित्र घ्या. ‘द लाफिंग ऑडियन्स’ १७३३ सालचं. आधी पाहा की त्यात रंगमंच नाहीच. नाटक कोणतं, नट कोण, काही कळत नाही. आपण जणू मंचावर उभे आहोत आणि प्रेक्षागृहाकडे बघतो आहोत. सगळ्यात खाली वादक, आपापल्या वाद्यात डोकं घातलेले, वर चाललेल्या हशाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. रोज तोच विनोद ऐकणाऱ्या माणसाचा तो चेहरा आपल्याकडच्या कोणत्याही तबलजीला ओळखू येईल. त्यांच्या मागे कठडा, आणि कठड्यावर लोखंडी खिळे, टोकं वर. त्यामागे पिटातले, म्हणजे मंचासमोरच्या खालच्या बाकांवरचे लोक, एकमेकांना खेटून बसलेले, तोंडं फाकून हसणारे. त्यांच्यात एकच गृहस्थ कपाळाला आठ्या घालून बसलाय. तो टीकाकार, असं सगळे मानतात. सगळ्यात वर बॉक्समध्ये, म्हणजे महागड्या सज्जात, दोन छानछोकी सरदार. त्यांचं नाटकाकडे लक्षच नाही. एकाचं संत्रीवालीशी काही तरी चाललंय, आणि खालून दुसरी संत्रीवाली हात वर करून त्यांचं लक्ष वेधू पाहतेय.

मध्यभागातला विनोद सरळ आहे: साधी माणसं मनापासून हसतात, मोठी माणसं हसतच नाहीत, आणि टीकाकाराला हसता येत नाही. हे होगार्थचं मत झालं, पुरावा नव्हे. तो स्वतः पिटाच्या बाजूचा. बॉक्समधले लोक खरंच इतके कोरडे होते का, हे या चित्रावरून ठरवता येणार नाही. पण ते खिळे बघा. त्यांच्यावर कसलाही विनोद नाही. ते आहेत कारण तसे खिळे नाटकघरात होते, आणि ते होते कारण प्रेक्षक मंचावर चढून येत. संत्रीवाल्या आहेत कारण खेळ चालू असताना विक्री चालायची. प्रत्येक चेहरा लख्ख दिसतो, कारण प्रेक्षागृहात अंधार करायची पद्धतच नव्हती. खेळभर मेणबत्त्या जळत. नाटक बघायला जाणं म्हणजे लोकांना बघायला आणि स्वतःला दाखवायला जाणंही होतं. वर्गात एवढंच एक चित्र दाखवलंत आणि मुलांना विचारलंत, ‘यात नाटकाबद्दल नसलेली कोणती गोष्ट नाटकाबद्दल सगळ्यात जास्त सांगते?’ तरी तुमचा तास भरेल.

या चित्राची आणखी एक गंमत आहे, आणि ती थेट तुमच्या पहिल्या प्रश्नाला जाऊन भिडते. हे मुळात विकायचं चित्र नव्हतंच. ती पावती होती. होगार्थ तेव्हा ‘सदर्क फेअर’ हे जत्रेचं एक चित्र आणि ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही आठ चित्रांची मालिका काढत होता. ज्यांनी आगाऊ अर्धी गिनी भरली त्यांना या हसणाऱ्या प्रेक्षकांखाली छापलेली पावती मिळायची: इतके पैसे मिळाले, नऊ चित्रं देईन, घेताना आणखी एक गिनी द्यावी. म्हणजे आपल्याकडे दिवाळी अंकाची आगाऊ वर्गणी भरल्यावर कुपन मिळतं तसं. चित्रातला प्रेक्षक हा चित्राचं गिऱ्हाईकसुद्धा आहे. पैसे भरणाऱ्याने पावती उघडली की त्याला आरसा दिसे, आणि तू हसणाऱ्यांत की आठ्या घालणाऱ्यात, असा प्रश्न आपोआप पडे.

जत्रेचं चित्र आलं. मालिका मात्र होगार्थने मुद्दाम रोखून धरली. त्याचं कारण कळल्याशिवाय त्या काळची कोणतीही छापील चित्रं नीट वाचता येत नाहीत. १७२४ साली त्याने ‘मास्करेड्स अँड ऑपेराज’ नावाचं चित्र स्वतः छापून स्वतः विकायला काढलं. विषय नाटकाचाच: लंडनचे लोक इटालियन ऑपेरा, मुखवट्यांचे नाच आणि हार्लेक्विन या विदूषकाच्या पँटोमाइमला (मूकनाट्याला) रांगा लावतायत, आणि शेक्सपिअर, ड्रायडन, काँग्रीव्ह यांची नाटकं एक बाई हातगाडीवर घालून रद्दीच्या भावात नेतेय. चित्र गाजलं, आणि थोड्याच दिवसांत दुकानांत त्याच्या चोरट्या नकला अर्ध्या किमतीला लागल्या. फायदा दुकानदारांचा. हा डंख तो विसरला नाही. पुढे त्याने आणि इतर चित्रकारांनी संसदेकडे धाव घेतली आणि १७३५ साली खोदचित्रकारांना हक्क देणारा कायदा झाला. चौदा वर्षं कोणी नक्कल करायची नाही. लोक त्याला होगार्थचा कायदाच म्हणत. तो ज्या दिवशी लागू झाला, त्याच सुमारास, जून १७३५ मध्ये, ‘रेक्स प्रोग्रेस’ गिऱ्हाइकांच्या हातात पडलं.

कायद्याची अट अशी की पत्र्यावरच मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख कोरलेली हवी. म्हणून १७३५ नंतरच्या चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: अमुक दिवशी, अमुक दुकानात, कायद्यानुसार प्रसिद्ध. मी कोणतंही उपहासचित्र हातात घेतलं की आधी ती ओळ वाचतो, मग चित्र बघतो. नाटकाच्या इतिहासाला याचा फार उपयोग आहे. एक उदाहरण सांगतो. लंडनच्या ड्रुरी लेन नाटकघराचा मालक, नाटककार आणि खासदार रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन याचं ‘पिझारो’ २४ मे १७९९ ला मंचावर आलं आणि तुफान चाललं. ४ जूनला, म्हणजे अकराव्या दिवशी, उपहासचित्रकार जेम्स गिलरेचं चित्र दुकानाच्या खिडकीत. त्यात शेरिडनच पिझारोच्या वेषात, नाण्यांनी भरलेली टोपी कवटाळून उभा. अकरा दिवसांत नाटक पाहिलं गेलं, हसू कशावर येईल ते ठरलं, पत्रा कोरला, छापला, हाताने रंगवला आणि काचेत टांगला. आपल्या वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्राइतका वेग नसेल, पण तांब्याच्या पत्र्याच्या कामात हा वेग किती आहे ते ज्याने रात्रभर ॲसिडच्या वाफा घेतल्यात त्यालाच कळेल. चित्राचा राग मात्र नाटकावर नव्हता. कधीकाळी भाषणांतून तत्त्वं सांगणारा माणूस आता गल्ल्यावर बसलाय, हा राग होता. नटांचे पगार थकवणं ही शेरिडनची ख्याती होती, आणि ते लंडनला माहीत होतं.

दुकानांबद्दल थोडं सांगतो. शतकाच्या पूर्वार्धात होगार्थ घरूनच विकायचा. उत्तरार्धात लंडनमध्ये खास उपहासचित्रांचीच दुकानं झाली. १७७०च्या दशकात मेरी आणि मॅथ्यू डार्ली या जोडप्याचं दुकान चाललं. पुढे पिकॅडिलीला फोर्सचं, आणि सगळ्यांत नावाजलेलं हॅना हम्फ्रीचं. गिलरे तिच्याच दुकानाच्या वर राहायचा. फोर्स तर चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळसाठी भाड्याने द्यायचा, पाहुण्यांची करमणूक म्हणून. किमती साध्या चित्राला सहा पेन्स आणि रंगवलेल्याला एक शिलिंग, अशा असत. मोठ्या चित्रांना जास्त. आता नाटकाचे दर बघा. शतकाच्या मध्यातला नावाजलेला नट आणि ड्रुरी लेनचा चालक डेव्हिड गॅरिक याच्या काळात बॉक्स पाच शिलिंग, पिट तीन, पहिली गॅलरी दोन आणि सगळ्यात वरची एक. म्हणजे वरच्या गॅलरीत टाचा उंचावून नाटक बघायला जेवढे पैसे, तेवढ्यात त्याच नटाचं रंगीत व्यंगचित्र घरी नेता यायचं. ज्याच्याकडे तेवढेही नसत, तो खिडकीसमोर उभा राही. तिथे तिकीट नव्हतं.

इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. लंडनमध्ये सगळ्या वर्गांच्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेला माणूस कोण? राजा नव्हे, मंत्री नव्हे. नट. चित्रकाराला दोनचार रेघांत ओळख पटवायची असते, आणि ओळख पटायला चेहरा माहीत असावा लागतो. नटाचा चेहरा, त्याची चाल, त्याचं पोट रोज हजारभर लोक बघत होते.

उरलेलं अर्धं उत्तर १७३७ सालात आहे, आणि माझ्या मते तेच जास्त वजनाचं.

तोवर नाटकवाले सरकारची यथेच्छ थट्टा करत होते. जॉन गेचं ‘द बेगर्स ऑपेरा’ २९ जानेवारी १७२८ ला लिंकन्स इन फील्ड्सच्या नाटकघरात आलं, पहिल्याच हंगामात बासष्ट प्रयोग झाले, आणि त्यातला चोरांचा म्होरक्या म्हणजे पंतप्रधान वॉलपोल, हे पिटातल्या पोराला कळत होतं. मालकाचं नाव रिच, लेखकाचं गे. इंग्रजीत या दोन नावांचे अर्थ श्रीमंत आणि आनंदी, त्यामुळे त्या नाटकाने गेला श्रीमंत केलं आणि रिचला आनंदी, अशी कोटी झाली. होगार्थने त्या नाटकाची रंगचित्रं एकापाठोपाठ एक केली. त्यांत मंचाच्या दोन्ही बाजूंना सरदार लोक बसलेले दिसतात, खुद्द मंचावर. नायिका पॉली झालेली नटी लॅव्हिनिया फेंटन कथेतल्या नायकासाठी गयावया करतेय, आणि प्रेक्षकांतला बोल्टनचा ड्यूक तिच्याकडे टक लावून बघतोय. पुढे त्याने तिच्याशी लग्न केलं. मंचावर बसणाऱ्या या मंडळींना उठवायला गॅरिकला १७६२ उजाडावं लागलं.

मग नाटककार हेन्री फील्डिंगने हेमार्केटच्या छोट्या नाटकघरात वॉलपोलला रोज रात्री सोलायला सुरुवात केली. १७३७ मध्ये ‘द गोल्डन रम्प’ नावाच्या एका फार्सचा गवगवा झाला. त्याच साली त्याच कल्पनेचं एक छापील चित्र निघालं: राजा दुसरा जॉर्ज वनदेवाच्या रूपात, पार्श्वभाग सोन्याचा, आणि राणी कॅरोलाइन त्याला एनिमा देतेय. हे मी सौम्य करून सांगतोय. वॉलपोलने फार्समधले उतारे दाखवून संसदेकडून कायदा करून घेतला. त्यापुढे प्रत्येक नव्या नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारच्या अधिकाऱ्याकडे. आणि बोलकं नाटक करायचा हक्क व्यवहारात दोनच नाटकघरांकडे, ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन. दोन घरांची ही मक्तेदारी १८४३ पर्यंत चालली, आणि संहिता तपासण्याची पद्धत थेट १९६८ पर्यंत. ‘गोल्डन रम्प’चा प्रयोग कधी झालाच नाही, संहिताही उरली नाही. चित्र मात्र आजही आहे.

म्हणजे काय झालं, ते बघा. नाटकाला आधी परवानगी लागायची, चित्राला नाही. चित्रकारावर नंतर बदनामीचा खटला भरता यायचा, पण दुकानाच्या खिडकीत लावण्याआधी कुठल्या साहेबाची सही नको होती. शिवाय खटला भरला तर कोर्टात चित्राचं वर्णन करावं लागणार, आणि एनिमाचं वर्णन वकिलाने गंभीर चेहऱ्याने कसं करायचं? मंचावरची थट्टा कोंडली गेली आणि बरीचशी पत्र्यावर उतरली. फील्डिंगने नाटक सोडून कादंबरी धरली, हे साहित्याच्या पुस्तकांत असतं. थट्टा कागदावर गेली हे तिथे सहसा नसतं. मराठी माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही. १८७६च्या कायद्याने इथेही नाटकावर तशीच पकड बसली आणि १९१० साली ‘कीचकवध’ बंद पडलं. पौराणिक कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, म्हणून.

त्या कायद्यावरचं सर्वांत उत्तम चित्र होगार्थने पुढच्याच वर्षी काढलं: ‘स्ट्रोलिंग ॲक्ट्रेसेस ड्रेसिंग इन अ बार्न’, १७३८. गावोगाव फिरणारी मंडळी एका धान्याच्या कोठारात खेळाची तयारी करतेय. कायद्याने त्यांचा हा शेवटचा खेळ. पलंगावर राजमुकुटाजवळ तो कायदाच पडलाय, आणि तिथेच तान्ह्या पोराच्या पेजेचं भांडं. जाहिरातीवर नाटकाचं नाव, ‘द डेव्हिल टू पे इन हेवन’, आणि मंडळी लंडनच्या नाटकघरांतून आलेली असा उल्लेख. स्वर्गातल्या देवता इथे अर्ध्या कपड्यांत. ज्यूनो भाषण घोकतेय आणि त्याच वेळी रात्रीची देवता तिचा फाटका मोजा शिवतेय. फ्लोरा मेणबत्तीची चरबी केसांना चोपडतेय, वर पीठ भुरभुरवणार, पावडर म्हणून. रंगवलेल्या ढगांवर मोजे वाळत घातलेत. एका मांजरीची शेपटी कापून तिचं रक्त काढणं चाललंय, मंचावर रक्त दाखवायला. मांजरीची पिल्लं राजचिन्हाचा गोळा आणि वीणा यांच्याशी खेळतायत.

आता इथे माझा कोपऱ्यांचा नियम मोडतो. या चित्रात कोपरेच मध्यभाग आहेत. मुकुटाशेजारी पेजेचं भांडं आपोआप आलेलं नाही. प्रत्येक वस्तू मुद्दाम तिथे ठेवलीय, राजा-देव-धर्म यांना जमिनीवर आणायला. म्हणून ‘फिरत्या मंडळींचं जीवन असं होतं’ असं या चित्रावरून वर्गात सांगू नका. मांजरीचा भाग मी पुरावा म्हणून कधीच मानला नाही. पण चरबी आणि पीठ? ते मी मानतो. केस पांढरे करायला पीठ वापरणं त्या काळी सर्वांना माहीत होतं, आणि गरीब नटी पोमेड या केसांच्या मलमाऐवजी मेणबत्तीच घेणार. चित्रकाराला शोधून काढावी लागेल अशी गोष्ट आणि त्याने सहज पाहिली असेल अशी गोष्ट, यांतला फरक ओळखायची सवय हातानेच लागते. पन्नास चित्रं बघितली की एकावन्नाव्यात कळतं.

दंग्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खिळ्यांचा विषय निघालाच आहे तर ‘फिट्झगिगो’ हे चित्र नक्की दाखवा. तिसऱ्या अंकानंतर आलेल्या माणसाला अर्ध्या दरात सोडायची लंडनची जुनी रीत होती. खेळ सहाच्या सुमारास सुरू, मुख्य नाटक, मधे नाच-गाणी, शेवटी फार्स. त्यामुळे दुकान बंद करून येणाऱ्याला अर्ध्या तिकिटातही भरपूर मिळायचं. १७६३ साली ती सवलत काढायचा प्रयत्न झाला. थॅडियस फिट्झपॅट्रिक नावाच्या गृहस्थाने लोकांना चेतवलं. आधी जानेवारीत ड्रुरी लेनला धुमाकूळ, तिथे गॅरिकने नमतं घेतलं. मग फेब्रुवारीत कॉव्हेंट गार्डनला ‘अर्टाझर्क्सिस’ या ऑपेराच्या वेळी. चित्रात दंगेखोर मंचावर चढतायत आणि तुऱ्यांच्या पोशाखातले गायक तसेच उभे. मध्यभाग गोंधळाचा, त्यात अतिशयोक्ती किती ते देव जाणे. पण वर बघा: मंचावर टांगलेली मेणबत्त्यांची गोल कडी. दोनच वर्षांनी फ्रान्सहून परतल्यावर गॅरिकने ड्रुरी लेनमधली अशी कडी काढून दिवे विंगांमागे लपवले. म्हणजे जुनी प्रकाशयोजना जायच्या बेतात असताना एका चिडक्या दुकानदाराने ती नोंदवून ठेवली, दंगा विकता विकता.

गॅरिकवर वेगळं पत्र लिहावं लागेल, म्हणून थोडक्यात. चित्रांची ताकद या माणसाला सगळ्यांआधी कळली होती. ऑक्टोबर १७४१ मध्ये गुडमन्स फील्ड्सच्या नाटकघरात शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड करून तो एका रात्रीत मोठा झाला. होगार्थने त्या भूमिकेचं भव्य चित्र रंगवलं, ते दोनशे पौंडांना विकलं गेलं, आणि १७४६ मध्ये त्याचं खोदचित्र बाजारात आलं. पॅरिसला असताना गॅरिकने घरून स्वतःच्या चित्रांचे छाप मागवले होते, लोकांना भेट द्यायला. अशा माणसावर टीकेची चित्रं येणारच, आणि तीही त्याच्या पथ्यावर पडली. १७५० साली दोन्ही नाटकघरांनी एकाच वेळी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ लावलं, बारा रात्री हट्टाने. गावाला दुसरं काही बघायलाच मिळेना. त्या हंगामात ‘थिएट्रिकल स्टीलयार्ड्स’ नावाचं चित्र निघालं: मोठा तराजू, एका बाजूला एकटा गॅरिक, दुसऱ्या बाजूला कॉव्हेंट गार्डनचे क्विन, बॅरी, वॉफिंग्टन वगैरे सगळे नटनट्या, आणि पारडं गॅरिकचं खाली. याला उपहास म्हणायचं की जाहिरात? मला तर दुसरंच वाटतं. प्रत्येक टीकाचित्र खरोखर टीका असतं असं धरून चालू नका. गिलरेसारख्या माणसालासुद्धा १७९७ नंतर सरकारपक्षाकडून वर्षासन मिळत होतं.

बायकांच्या वाट्याला मात्र ही गंमत आली नाही. शोकांतिकांतली मोठी नटी सेरा सिडन्स हिचं उदाहरण घ्या. १७८४ साली चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने तिला शोकांतिकेची देवता म्हणून सिंहासनावर बसवलं. त्याच वर्षी, आजारी आणि म्हाताऱ्या सहकाऱ्यांच्या मदतीच्या खेळांत ती पैसे मागते अशी कुजबुज झाली, ऑक्टोबरमध्ये लोकांनी मंचावर तिची हुर्यो उडवली, आणि डिसेंबरमध्ये ‘मेल्पोमिनी’ नावाचं चित्र खिडकीत लागलं. तीच देवता, तीच भव्य ढब, फक्त हात पैशांच्या पिशवीकडे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. पुरुष नट पैसे कमावतो तेव्हा तो तराजूत जड होतो. बाई कमावते तेव्हा ती लोभी ठरते. शेरिडनवरही पैशाचीच टीका आहे, हे खरं, पण तो मालक होता आणि खासदारही.

कधी कधी राग अगदी खासगी असतो. छापील चित्रांचा प्रकाशक जॉन बॉयडेल याने १७८९ मध्ये पॅल मॉलला शेक्सपिअरच्या नाटकांवरच्या चित्रांची गॅलरी उघडली. त्या चित्रांची खोदचित्रं करायचं काम गिलरेला हवं होतं, मिळालं नाही. महिन्या-दीड महिन्यात, २० जूनला, गिलरेचं चित्र: बॉयडेल शेक्सपिअरच्या नाटकांची होळी करतोय, लोभाच्या मूर्तीपुढे. चित्र अप्रतिम आहे, माझ्या आवडत्या पाचांत. पण ते काम न मिळालेल्या कारागिराचं चित्र आहे हे माहीत नसेल तर तुम्ही त्यातून शेक्सपिअरबद्दल भलताच निष्कर्ष काढाल.

आता तुमचा छाप. दोन गोष्टी घरी बसून तपासता येतील. चित्र खिडकीच्या काचेवर उजेडासमोर धरा. १७३३ चा कागद जाळीदार साच्यात बनलेला असतो; त्यात साधारण इंचभर अंतरावर उभ्या रेषा आणि त्यांच्यात बारीक आडव्या दिसल्या पाहिजेत. कागद एकसारखा गुळगुळीत दिसला तर तो शतकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा. मग कडा बघा. तांब्याचा पत्रा ओल्या कागदावर प्रेसमध्ये दाबला की चौकोनी खळगा उमटतो. बोट फिरवलं की लागतो. तो नसेल तर एक तर कडा कापल्यात, नाही तर चित्र दगडावर किंवा ब्लॉकवर छापलंय.

एवढ्याने ‘नक्कल’ ठरत नाही. होगार्थ १७६४ मध्ये वारला, पत्रे त्याची बायको जेनकडे गेले, १७६७च्या कायद्याने तिला त्यांचा हक्क आणखी वीस वर्षं मिळाला. ती गेल्यावर ते बॉयडेलकडे आले, हाच तो गॅलरीवाला. पुढे १८२२च्या सुमाराला जेम्स हीथने झिजलेल्या रेघा पुन्हा कोरून ते छापले. म्हणजे पत्रा खरा, छाप जवळजवळ शंभर वर्षांनंतरचा, असं होतं. त्यात रेघा एक तर पुसट लागतात नाही तर नको तितक्या काळ्या. शतकभर छापून पत्रा थकतो. पत्र्यावरची तारीख मात्र तीच राहते, त्यामुळे तारखेवर भरवसा ठेवून किंमत देऊ नका.

आणि मुख्य म्हणजे चित्राच्या खाली पावतीचा मजकूर आहे का ते पाहा. बहुतेकांनी तो भाग कापून टाकला, चौकटीत नीट बसावं म्हणून. अनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एका गृहस्थांनी असंच एक जुनं चित्र आणलं. फ्रेमवाल्याने ते पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलं होतं आणि खालची दोन बोटं रुंद पट्टी ‘घाण अक्षरं होती’ म्हणून छाटली होती. तुमच्या चित्रात ती पट्टी शाबूत असेल, तर त्यात वर्गणीदाराचं नाव आणि पैसे घेतल्याची तारीख हाताने, शाईने लिहिलेली असेल. तसं दिसलं तर उजेडात एक फोटो काढून पाठवा, आणि तोवर ते कोणत्याही फ्रेमवाल्याच्या हातात देऊ नका.